कार्डाची पाठ

चियातुऱ्यात मँगनीज सगळ्यांवर बसतं,
खिडक्यांवर, वाळत घातलेल्या चादरींवर,
आणि ग्रंथालयाच्या चौऱ्याऐंशी खणांवर,
जिथं कार्डांच्या वरच्या कडा
माझ्याच अंगठ्यानं काळ्या झाल्यात.
चौतीस वर्षं. एकच अंगठा.

बेका तिबिलिसीहून आला
बुटांच्या खोक्यात स्कॅनर घेऊन.
म्हणाला, त्सियाला मावशी, सोपं आहे,
हा लाल उजेड पट्ट्यांवर धरायचा, बस्स.
धरला.
यंत्र ओरडलं. मीही ओरडले.
बुद्धिबळाच्या पुस्तकावर डोकं टेकून झोपलेला गुराम
दचकून म्हणाला, शांतता राखा.
हे वाक्य आजवर मीच लोकांना ऐकवत आले होते.

पहिला महिनाभर मी चोरून दोन्ही करायचे,
आधी यंत्रात नोंद,
मग बेका सिगारेटला गेला की
कार्डावर, पेन्सिलीनं.
त्याला वाटलं, म्हातारी घाबरते.
घाबरत नव्हते मी. माझ्या आत
ब्याण्णव सालचा हिवाळा बसलेला होता.
तेव्हा वीज गेली ती गेलीच.
रोपवेचे डबे दरीवर अधांतरी लटकले,
आणि मी मेणबत्ती तिरकी धरून
एकेक खण ओढत राहिले.
खणाला वीज लागत नाही.
लोक पुस्तकं न्यायचे,
काही वाचायला,
काही चुलीत घालायला.
कोण कशाला नेतंय ते चेहऱ्यावरून कळायचं.
परत न आलेल्या पुस्तकांवर मी दंड लावला नाही,
कार्डाच्या पाठीवर एक शब्द लिहिला:
थंडी.

बेकाच्या तक्त्यात रकाने होते:
लेखक, नाव, साल, फळी.
मी एक कार्ड उलटं करून त्याच्यापुढे ठेवलं.
ह्याला रकाना कुठाय?
तो बराच वेळ डोकं खाजवत बसला.
मग म्हणाला, टिपणं म्हणून एक आहे,
कुणी वापरत नाही. दोनशे पंचावन्न अक्षरं.
पुष्कळ झाली, म्हटलं.
आणि त्या उन्हाळ्यात, दोन बोटांनी,
मी चौऱ्याऐंशी खणांच्या पाठी
एकेक करून आत टाइप केल्या.

आता पुस्तकाला कोण येतं?
पेन्शनचा अर्ज येतो, वीजबिल येतं,
चष्मा विसरलेली माणसं येतात.
कर्सर म्हणजे काय ते मी त्यांना
बोट धरून गिरवायला शिकवते.
काल शिकलेलं आज शिकवायचं,
रात्री बेकाला फोन करून उद्याचं विचारायचं.
वरून हुकूम आला होता, कार्डं रद्दीत घाला.
घातली नाहीत.
एका बाजूनं तरी बरीच कोरी होती,
लोकांचे पासवर्ड त्यांवर लिहून द्यायला लागले.

बिचिको, खाणीतला, ऐंशीच्या पुढचा,
दर गुरुवारी येतो.
त्याची मुलगी इटलीत, बारीला,
दुसऱ्या कुणाच्या तरी आईला आंघोळ घालते.
पडद्यावर तिचा चेहरा मध्येच गोठतो
आणि बिचिको विचारतो, अडकली?
जुन्या डब्यांसाठी विचारायचे तसंच.
मी म्हणते, हलू नका, येईल.

गेल्या गुरुवारी चाक फार वेळ फिरत राहिलं.
त्यानं खिशातलं कार्ड काढलं,
पासवर्डच्या वरती बोट ठेवून म्हणाला,
हे काय लिहिलंय इथं, पुसट?
मी काही बोलायच्या आत त्यानं ते उलटं केलं
आणि पुढची बाजू वाचली, ओठ हलवत:
डोंगरी मधमाश्यांची निगा. एकोणीसशे एकसष्ट.

मी त्याला नेमकं तेच का दिलं होतं?
हाताला लागलं म्हणून. दुसरं काही असेल
तर ते मला ठाऊक नाही.

जाड होतं, तो म्हणाला. पुठ्ठा चांगला होता.
मग पडद्याकडे बघत,
ती तेव्हा आठ महिन्यांची होती.

चाक फिरत होतं.
मी उठून राउटरचा दिवा पाहून आले.