विनंती विशेष

औलूला डिसेंबरात दुपारी दोनलाच दिवे लागतात.
केर्त्तूच्या पडद्यावर तिनेच बांधलेलं पान:
एक चौकट पत्त्याला, एक प्रश्नाला,
खाली निळं बटण, पाठवा.
बर्फाच्या सर्व्हरला काय काय विचारता येतं
ते विचारून बघायची ही खिडकी.
जाडी किती, वारा कुठला, तळं कोणतं.
चार वर्षं कुणाची तक्रार नव्हती.

मग उत्तरेकडून साम्मलचा फोन.
"खिडकी छान आहे," तो म्हणाला,
आणि मागून येणारा पण तिला आधीच ऐकू आला.
"तुमच्या सर्व्हरला माझी भाषा येते.
नियमांत आहे, पान सतरा:
विनंतीच्या माथ्यावर हेडर लावा,
त्यात भाषा लिहा, उत्तर त्या भाषेत.
माझ्या मोबाइलमधला प्रोग्राम लावतो.
तुमच्या खिडकीत लावायचं कुठे?"

कुठेच नव्हतं.
आपल्याकडच्या जुन्या पत्रांना
सा.न.वि.वि. असायचं; पोटातलं बोलण्याआधी
कोण, कुणाला, कुठल्या नात्याने.
इथे पत्र होतं, मायना नव्हता.
म्हणजे होता, पण छापील, एकच,
केर्त्तूच डकवून देत होती
सगळ्यांच्या वतीने, फिनिशमध्ये.

काम दुपारभराचं.
दोन रिकाम्या चौकटी शेजारी शेजारी,
डावीकडे नाव, उजवीकडे मजकूर,
कडेला अधिकचं चिन्ह, आणखी हवं त्याला.
चिकटवताना शेपटीला आलेली मोकळी जागा कापायची.
होस्ट, कुकी, ओरिजिन ही नावं ब्राउझर
न बोलता खोडतो; करड्या अक्षरांत
तेवढं सांगून ठेवायचं, म्हणजे माणूस
स्वतःलाच वेडा ठरवणार नाही.
आणि कुणी त्यात किल्ली लिहिली तर?
इथे ती उठली, कॉफी ओतली, परत ओतली.
पानाची लिंक मित्राला पाठवली
तर किल्लीही जायची सोबत.
नको. खिडकी मिटली की विसरायचं.
पायपुसण्याखाली किल्ली ठेवणाऱ्या घरात ती वाढली होती,
म्हणूनच.

बटण दाबलं. लाल ओळ.

विनंती उंबरठा ओलांडून गेलीच नव्हती.
ब्राउझरने आधी एक हरकारा धाडला होता, रिकाम्या हातांनी:
आमच्याकडचं कुणी एक अनोळखी हेडर
कपाळावर लावून येतंय, चालेल का?
दारावरच्या यादीत चार नावं. हे पाचवं.
सर्व्हरला भाषा येत होती,
देवडीवरच्याला कुणी कळवलं नव्हतं.
मोबाइलमधला प्रोग्राम असलं काही विचारत नाही,
चपलांसकट आत जातो.
ब्राउझर तेवढा सोवळ्यातला.

यादी रोवानिएमीत, एन्सिओच्या हातात.
एन्सिओ बर्फाला भोक पाडून
गळ टाकून बसलेला. फोनमध्ये वाराच जास्त.
"एकच शब्द लिहायचाय?"
"एकच."
"सोमवारी."

सोमवारचा बुधवार झाला.

साम्मल फोनवर असतानाच तिने
डावीकडे हेडरचं नाव लिहिलं,
उजवीकडे त्याच्या भाषेची तीन अक्षरं.
हरकारा गेला. होकार घेऊन आला.
मागून विनंती, अंगभर नेसून.

जाडी तीच, एक्केचाळीस सेंटिमीटर.
मोजलं कधी, तेही तेच, सकाळी सहा दहा.
तळ्याचं नाव मात्र दुसरं.
केर्त्तूने अडखळत वाचलं: आनारयाव्री.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
"पहिला आ लांब," साम्मल म्हणाला.
"आणखी. तळं मोठं आहे."

तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा.
शेजारच्या टेबलावरचा पोरगा
कानातलं काढून बघायला लागला.

"बरं झालं," साम्मल म्हणाला, "पण
वाऱ्याची दिशा अजून फिनिशमध्येच येतेय."
"ते माझ्याकडे नाही. एन्सिओकडे."
"सोमवारी?"
"सोमवारी," केर्त्तू म्हणाली,
आणि कॅलेंडरवर बुधवारी खूण केली.