जग, नग चाळीस

मागणीपत्र आलं तेव्हा टेबलावर मार्चअखेरची बिलं होती.
ताडपत्री बारा. नायलॉनचा दोर, तीनशे मीटर.
इसबगोल, रबरी हातमोजे, कंदिलाच्या वाती,
प्लास्टिकचे जग, निळे, पाण्याचे, नग चाळीस.
प्रयोजन: कोरं.
ठिकाण: कोरं.
खाली सही, तिच्याखाली आणखी एक,
इतक्या वरची, की मी चष्मा पुसून पुन्हा वाचली.

रकाना रिकामा सोडू नये, हे मला
चुरीबाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं.
मी पेन्सिलीनं लिहिलं: दौरा.
साहेबांनी खोडरबर मागितलं.

जग चेंबूरला मिळाले, एकोणीस रुपयांना एक.
दुकानदार म्हणाला, लग्न का हो?
म्हटलं, हो, ऑफिसातल्याचं.
मुलीकडचे की मुलाकडचे?
यावर नियमावलीत काही नव्हतं.

एप्रिलभर माणसं विरळ होत गेली.
ट्रॉम्बेच्या कॅन्टीनला थाळ्या उरायच्या.
वसाहतीतली सुनेत्रा गडनीस खिडकीशी आली,
हे कुठे असतात, तेवढं सांगा.
मला ठाऊक होता फक्त भत्त्याचा दर,
त्यावरून अंतर निघतं, अदमासे.
आणि माणशी रोजचं पाणी किती लिटर, त्यावरून ऊन.
म्हटलं, दौऱ्यावर.
ती थोडी थांबली. मग म्हणाली,
आमरस करून ठेवलाय, फ्रीजमध्ये किती दिवस टिकतो?

त्या दिवशी माहुलच्या चिमणीवरची ज्योत
रोजच्याइतकीच होती.
मी रजिस्टरवर रेघा मारत होते.
संध्याकाळी गेटवरच्या पहारेकऱ्याच्या रेडिओभोवती
अख्खी शिफ्ट उभी. कुणीतरी पेढे आणले.
मी घेतला. खाल्ला.
गोडच होता, काय सांगू.

जूनमध्ये खोकी परत आली.
ताडपत्री बारा, पैकी दोन फाटक्या.
जग छत्तीस.
एकाच्या तळाशी मूठभर वाळू.
मीटरवाल्या पोरानं वर यंत्र धरलं,
बाई, साधी वाळू आहे.
तरी मी हात तीनदा धुतले,
आणि डबा उघडलाच नाही.

गडनीस आले पोचपावतीवर सही करायला,
काळे पडलेले, कॉलर सैल.
विचारलं, चार जग कमी आहेत, साहेब.
वाऱ्यानं नेले असतील, म्हणाले, आणि हसले,
मग हसायचे थांबले,
आणि सही करायची राहिलीच.

ऑगस्टात लेखापरीक्षेचा शेरा:
चार जग कशामुळे नष्ट झाले, खुलासा करावा.
तीन दिवस फाईल माझ्याकडे होती.
चौथ्या दिवशी लिहिलं:
एकूण मूल्य रुपये शहात्तर.
कोणीही जबाबदार आढळत नाही.
निर्लेखित करण्यास मंजुरी असावी.

आठवड्यात परत आली,
समासात हिरव्या शाईनं:
हरकत नाही.

सही ओळखीची नव्हती.