धोटा

परदेशीपुऱ्यातल्या शोकसभेत
माझ्या हाती माईक देऊन म्हणाले,
बेटा, दो शब्द.

साचेखात्यात आपल्याला मज्जाव,
कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे.
उत्तम सोनोनेनं भरपाळीत
धोटा उचलून ओठांना लावला.
डोकं फुटलं. धागा सुटला नाही.

हे तुम्हां सगळ्यांना पाठच आहे.

आईच्या खालच्या ओठावर
एम.वाय.मधले तीन टाके आहेत.
त्या रात्री आपण संप जिंकला होता.
ती मागे बसलीय, पदर तोंडाशी.

बाबा, हार बाजारातून नाही आणला.
सकाळी ओवायला घेतला तर दोरा सुईत जाईना,
मग ओठांत धरून ओला केला,
तुमच्यासारखाच.

सुई आईनं धरली होती.