दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

प्रेसचा भोंगा सातला होतो.
थंडीत तिकडे तेव्हा अडीच.
सीव झोपली असेल, किंवा नसेल.
मुलाखतीत म्हणाली होती, आताशा झोप लागत नाही.
मला लागते.
बिटकोच्या स्टॉपवर उभ्या उभ्यासुद्धा लागते.

गेटवर मोबाइल जमा करायचा, डबा उघडून दाखवायचा.
शेजवळ मावशी झडती घेतात, रोज म्हणतात, थंड हात आहेत हो माझे.
मग आठ तास गाणं नाही.
डोक्यातलं सोडून.
ते मावशींना सापडत नाही.

मी कोरे पासपोर्ट मोजते.
पानं, शिलाई, आकडे.
एक टिंब इकडचं तिकडे झालं की अख्खी शीट बाद.
आणि त्यांच्या बँडच्या नावात एक अक्षर आहे,
डोक्यावर पोकळ टिंब घेतलेलं.
पहिल्यांदा कॅसेटवर पाहिलं तेव्हा मी म्हटलं होतं,
छपाई चुकलीय.

कॅसेट वडिलांच्या गाडीत राहिलेली.
अंबडच्या कंपनीत ड्रायव्हर होते ते.
पाहुणा इंजिनिअर एवढा उंच, की गुडघे मावेनात.
त्याला सहारला सोडून आले, कॅसेट डेकमध्येच.
तीन महिने रुमालात बांधून ठेवली, साहेब परत येईल म्हणून.
चौथ्या महिन्यात आम्ही लावली.
आई वाटाणे सोलत होती. म्हणाली, रडतायत की काय हे?
थोड्या वेळाने म्हणाली,
आवाज कमी नको करूस.

दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात
दोघी सारख्या म्हणतात, हेमा, हेमा.
वडील हसायचे. बघ, तुला हाक मारतायत.
मी वर्गात सगळ्यांना सांगितलं.
कुणी विश्वास ठेवला नाही,
एक शैला गांगुर्डे सोडून.

अकरा वर्षांनी कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत,
वीस रुपये तास,
शब्दकोश सापडला.
हेमा नाही. हेम्मा.
म्हणजे घरी.
वडील तेव्हा सिव्हिलमध्ये होते.
त्यांना सांगितलं नाही.

उन्हाळ्यात आमच्यात साडेतीन तासांचं अंतर.
साडेतीन मला बरं वाटतं.
साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठं,
त्यातलं अर्धं आपल्या वणीच्या गडावर.
सीवच्या घशाचं ऑपरेशन होतं त्या चैत्रात
मी अभिषेकाची पावती फाडली.
नाव सांगितलं, त्यांनी दोनदा विचारलं.
गोत्र?
माहीत नसेल तर काश्यप लिहितात.
सीव, काश्यप गोत्र, एकशे एक रुपये.
घसा सुधारला. वरच्या पट्टीत मात्र जरा फाटतो.

डिसेंबरात पेपरात येतं, निफाडचा पारा चारवर.
नवरा म्हणतो, जा, आलं तुझं स्वीडन.
एकदा खरंच गेले, पहाटेच्या एसटीने.
बागांमधून शेकोट्यांचा धूर,
स्टँडवर मी, कानटोपीच्या आत हेडफोन.
कुणी बाई काही विचारत होती,
चांदवडच्या गाडीचं असावं.
तिचे ओठ हलताना दिसले, वाफ दिसली.
गाणं संपेपर्यंत मी तिला नुसती मान हलवत राहिले.
बिचारी चुकीच्या गाडीत बसली बहुतेक.

सत्तावीस वर्षं झाली नोकरीला.
मोजणं हेच काम, पण एकूण किती, ते कधी मोजलं नाही.
एखादा तरी गेलाच असेल की तिकडे.
काचेमागच्या माणसाने उघडला असेल,
अंगठ्याने पान दाबून धरलं असेल,
मी दाबते तसं.
माझा स्वतःचा नाही.
पोरगा म्हणतो, काढून टाक, ऑनलाइन होतं आता.
हो म्हणते. फोटो काढायचा राहतो.

येत्या शनिवारी त्यांचा शेवटचा कार्यक्रम.
तिकडे रात्रीचे आठ, इकडे साडेबारा.
पोराने पैसे भरलेत, टीव्हीला वायर जोडून दाखवणार आहे.
शैला देवळाली कॅम्पातून मुक्कामाला येतेय,
चिवडा करून आणते म्हणाली, आणि गुडघ्याचा पट्टा.
फोनवर तीनदा विचारलं तिने,
तुझं गाणं म्हणतील ना गं?

म्हणतील, म्हटलं.
तिला मी अजून सांगितलेलं नाही.