कंसातला मजकूर

नारायण पेठेत, जिना चढून डाव्या हाताला,
आमचं कार्यालय. छोट्या जाहिराती.
शब्दाला बावीस रुपये,
रविवारच्या अंकासाठी गुरुवारी चारपर्यंत.
'जोडाक्षराला जास्त पडतात का हो?'
असं विचारणारे इथेच भेटतात.

मी टंकते:
वधू पाहिजे. वय एकोणतीस, उंची पाच-आठ,
कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, निर्व्यसनी, संगीताची आवड.
जातीची अट नाही
(मागासवर्गीय क्षमस्व).

दोन शब्द. चव्वेचाळीस रुपये.
माणसं घासाघीस करतात,
संगीताची आवड गाळतात,
निर्व्यसनीसुद्धा गाळतात,
पण नऊ वर्षांत एकानेही
हे चव्वेचाळीस रुपये वाचवले नाहीत.

क्षमस्व.
काय सुरेख शब्द आहे.
आमच्या ताडीवाला रस्त्यावर तो कुणी वापरत नाही.
तिथे पायावर पाय पडला
तर वाकून विचारतात, 'लागलं का गं?'
त्यासाठी समोर माणूस लागतो.
क्षमस्वला नाही लागत.

बाबा याच पेठेत खिळे जुळवायचे.
स्तोत्रं, पंचांगं, मुंजीच्या पत्रिका.
देवाचं नाव उलटं वाचायचे
म्हणून जगाला ते सुलट मिळायचं.
छापखान्यात एक माठ होता
आणि बाबांचा जर्मनचा पेला खिडकीत, वेगळा.
'शिशाचे हात ना तुझे, विषारी,' मालक समजावायचे.
बाकी तिघांचे हातही शिशाचेच होते.
बाबांनी हे आम्हाला सांगितलं नाही कधी.
आईने सांगितलं, तेही
ते गेल्यावर, भांडी लावताना.

शाळेत बाई म्हणायच्या,
कंसातला मजकूर वगळला तरी
वाक्य पुरं राहतं.
मी वहीत लिहून घेतलं होतं.
कंसाच्या कोठडीत जन्मलेल्या एकाचा पाळणा
या पेठेत दर अष्टमीला
रात्री बाराच्या ठोक्याला हलवतात,
तेव्हा मला ती वही आठवते.

खांबेटे काका पुतण्यासाठी आले होते.
मजकूर स्वतः लिहून आणलेला, चार वेळा खोडलेला.
मी पावती लिहिली.
'मोत्यासारखं अक्षर गं. आडनाव काय?'
शिंदे.
'कुठले शिंदे?'
ताडीवाला रस्त्याचे.
काकांनी पावती घेतली.
म्हणजे, आधी म्हणाले,
ठेव तिथे काउंटरवर.
मग घेतली.

त्या गुरुवारी
त्यांच्या जाहिरातीतला कंस मिटायचा राहिला.
मुद्दाम का,
ते मलाही नक्की सांगता यायचं नाही.
चार वाजत आले होते, एवढं खरं.

सोमवारी दहाला काका हजर.
अंकाची घडी, लाल पेनाने केलेला गोल.
'शुद्धलेखन हा संस्कार असतो.
उघडलेलं मिटता आलं पाहिजे माणसाला.'
मजकुराबद्दल त्यांची तक्रार नव्हती.
मजकूर चोख होता.

मी तो रकाना पुन्हा पाहिला.
उघडलेल्या कंसानंतर
खाली वधू, वर, घटस्फोटित, विनापत्य,
त्याखाली भाड्याने जागा, शाकाहारींना प्राधान्य,
हरवलेलं पॉमेरेनियन,
कुणाचं तरी प्रथम पुण्यस्मरण,
शेवटी वरसंशोधन मंडळाचा मेळावा, टिळक रस्ता, चहासह.
मिटलंच नव्हतं कुठे,
त्यामुळे सगळे आत होते.
आमच्यात.
रविवारपासून.

चूक झाली, मी म्हटलं.
दुसरा शब्द जिभेवर आला होता,
तो नाही वापरला.
पुढच्या अंकात दुरुस्ती, पैसे पडणार नाहीत.
नवी पावती लिहिली
आणि हातात धरून राहिले.
काका काउंटरकडे बघत होते.
खाली बोळात रद्दीवाला ओरडत गेला,
पुन्हा परत आला,
मी पावती धरलेलीच होती.