भाऊंचं भाषांतर

किंग्ज सर्कलच्या थेटरात सकाळचा खेळ,
पुढच्या रांगेत कुणाच्यातरी गजऱ्याचा वास.
भाऊंना तमिळ येत नाही.
पन्नास वर्षं तंगवेल शेजारी बसून
त्यांच्या कानात मराठी ओतायचा,
सायन कोळीवाड्याची मराठी, शिव्यांसकट.

तंगवेल मार्चमध्ये गेला.
आता भाऊ माझ्या कानात सांगतात.

पडद्यावर दोन मित्र, एक आई,
एक गहाण पडलेली भातगिरणी.
"तो म्हणतोय, घाबरू नकोस, मी आहे ना."
पण तो तर नुसता हसत होता,
हातात केळीचं पान, समोर लग्नाची पंगत.
मी काही बोललो नाही.

"आता बघ, रात्र झाली. लोक आलेत."
पडद्यावर लख्ख ऊन.
"इडलीची भांडी रस्त्यावर फेकतायत.
हा मित्राच्या दाराशी येतो. कडी वाजवतो."
कुणीच कडी वाजवत नव्हतं.
पांढऱ्या वेष्टीतला म्हातारा कोर्टात
दुसऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेत होता
आणि मागे एक बाई हुंदके देत होती.

"मग?" मी विचारलं.
"मग काय. आतला माणूस
कंदील बारीक करतो."

बराच वेळ भाऊ गप्प.
तंगवेलनं कधी विषय काढला नाही, म्हणाले,
दर पोंगलला डबा यायचा,
झाकणावरून तूप ओघळलेला.

दिवे लागले. लोक नाक पुसत उठले.
भाऊ वाकून खुर्चीखाली
एक चप्पल शोधत राहिले.
ती त्यांच्या पायातच होती.