दोनशे पंधरा, पंचावन्न, सतरा

वैजूचा फोन आला तेव्हा लष्करात सकाळचे अकरा,
तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा,
आणि दुकानासमोरचा कोहरा अजून उठला नव्हता.
धुकं म्हणायला हवं खरं तर,
पण ग्वाल्हेरात तीन पिढ्या काढल्यावर
धुकं पुस्तकात उरतं. रस्त्यावर कोहराच.

"बाबा, गाडी घेतली. तिसऱ्या मालकाची.
अठराची चाकं आहेत, दोनशे पस्तीस, पंचेचाळीस. भारी दिसतात.
थंडीचे टायर त्याच मापाचे घेऊ?"
सास्काटूनला उणे तीस. इथे सहा,
तर इमरत दोन स्वेटर चढवून शेगडीला चिकटलेला.

एकतीस वर्षं टायर विकतोय मी.
मेमध्ये डांबर पाघळतं, तेव्हाचा टायर विचार,
खडीवरचा, मुरमावरचा,
चंबळच्या घळीतून वाळू ओढणाऱ्या ट्रॉलीचा.
बर्फ मी फक्त गोळ्यात पाहिलाय, काला खट्टा घातलेला.
उद्या सांगतो, म्हणालो.

दुपारी जुन्या टायरची वीतभर पट्टी कापली
आणि शेजारच्या कुल्फीवाल्या गेंदालालच्या फ्रीजरमध्ये ठेवली.
जानेवारीत तो रिकामाच असतो.
"रात्रभर राहू दे," म्हटलं. त्याने काही विचारलं नाही.
सकाळी काढली, काउंटरवर आपटली:
टक्.
रबराचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.
आणि तो फ्रीजर उणे अठराचा.
पोर त्याच्याही बारा पायऱ्या खाली गाडी चालवते.

मग बिलबुकाच्या पाठीवर हिशोब मांडला.
रुंदीचे पंचेचाळीस टक्के, गुणिले दोन,
अधिक अठरा इंच. सहाशे अडुसष्ट पूर्णांक सात.
चाक सतराचं केलं, टायर अरुंद, भिंत उंच:
सहाशे अडुसष्ट पूर्णांक तीन.
पुन्हा केला. तेवढाच.
इमरतला दाखवला. तो म्हणाला, "साहब, चाय?"

"लिहून घे," मी फोनवर. "दोनशे पंधरा, पंचावन्न, सतरा.
बाहेरचा घेर तोच राहिला पाहिजे,
नाहीतर वेगाचा काटा खोटं बोलायला लागतो.
सतराचं चाक ब्रेकला घासत नाही ना, ते बसवूनच बघ.
आणि रुंद नको. फावडं आडवं पडतं, खुरपं रुततं.
बर्फावर तरंगायचं नाही आपल्याला,
खालचा रस्ता गाठायचाय.
टायरच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर शोध,
आत हिमाचं फूल. ते नसेल तर उचलू नकोस.
चारही घे. पुढचे दोनच घेऊन पैसे वाचवशील,
तर वळणावर मागची बाजू पुढे येईल."

"अठराचं दिसतं छान, बाबा."
"उन्हाळ्यात दिसू दे. काढून ठेव."

मागून हिची सूचना: मोजे मिळाले का विचारा.
मिळाले होते. कस्टमने एक जोडी उघडून पाहिली होती.

"आणि स्टेपनी? तीही सतराचीच कर."
पलीकडे ती हसली.
"स्टेपनी नसते बाबा या गाडीत.
फेसाचा एक डबा देतात. आणि फोन नंबर."

मी काही बोललो नाही.
एकतीस वर्षांत मी स्टेपनीची हवा तपासल्याशिवाय
एकही गाडी दुकानाबाहेर सोडलेली नाही.
"कुणाचा नंबर?" विचारलं शेवटी.
तोवर तिकडे दुसरा कॉल आला होता.

बाहेर कोहऱ्यातून कुणी पंक्चर स्कूटर ढकलत येत होतं.
आधी चाकाचा आवाज आला, रिमवर घासणाऱ्या,
मग माणूस.